उमेदवाराचं उत्तर

"अण्णा, आपल्या दवाखान्यात डॉक्टर कवा येनार, तेवढं विचारा की त्यास्नी." विमलबाईंचा पाच वर्षांपूर्वीचा हा आवाज सोमशेखरच्या कानातून कधी गेलाच नाही.

सीमेवरच्या त्या मराठी गावात बचत गटाच्या बायांपुढे लोकसभेचे दोन उमेदवार समोरासमोर बसले होते आणि त्यांचं कन्नड मराठीत सांगायला सोमशेखर उभा होता. पहिला म्हणाला, "वर्ष तरी लागेल." दुसरा आपल्या वडिलांबद्दल बोलला, देशाबद्दल बोलला, डॉक्टरबद्दल अवाक्षर नाही. बाया सोमशेखरच्या तोंडाकडे बघत होत्या. एवढ्या डोळ्यांना रिकामं कसं परतवावं? दुसऱ्याचं उत्तर म्हणून तो मराठीत म्हणाला, "महिनाभरात येईल म्हणतायत."

बायांची मतं दुसऱ्यालाच पडली, तो निवडूनही आला. डॉक्टर आला नाही. विमलबाईंची लेक पंचशीला बाळंतपणात भालकीच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

आता तोच उमेदवार पुन्हा गावात येणार होता. सोमशेखर विमलबाईंच्या दारात जाऊन बसला. "अक्का, त्यानं उत्तर दिलंच नव्हतं. ते मी माझ्या मनानं बोललो."

विमलबाई सुपातली तूर निवडत राहिल्या.

"बोलता न्हाई आलं तरी कन्नड मला बी कळतंय, अण्णा. पर पोटुशी लेक बाजूला बसली होती. तुमचं ऐकून किती दिसांनी हसली. म्हनून गप बसले."