पाचाच्या आतले गुण

"तीन," सुतारकाका म्हणाले आणि त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शून्य ते दहामध्ये या शहरात किती रमलात, असं विचारतेय, काका. मागच्या गुरुवारीही तीनच होते."

"मग? आठ दिवसांत शहर बदललं की मी?"

पलीकडची बाई हसली. सर्वेक्षणाच्या कंपनीतली ही बाई दर गुरुवारी अकराला फोन करायची. बाहेरून शहरात आलेल्यांना इथे कितपत करमतं, शेजारी ओळखतात का, आजारी पडलात तर कोणाला हाक माराल, असले प्रश्न. पहिल्या वेळी काकांनी दोन गुण टेकवले होते, तेही तिच्या गोड आवाजाकडे बघून. दुसऱ्या वेळी तिने नियम सांगितला: पाचाच्या आत गुण देणाऱ्यांनाच दर आठवड्याला फोन. वर गेले की नाव यादीतून बाद.

तेव्हापासून काका पाचाच्या आत राहायची काळजी घेत होते.

मुलगा आणि सून आठला कामावर जात आणि बाहेरून कुलूप लावत. त्यांचाही दोष नव्हता. गावाहून आल्याच्या महिन्यात काका एकदा खाली उतरले होते आणि एकसारख्या अकरा इमारतींत आपली कोणती ते न कळून दुपारभर फिरत राहिले होते. चाळीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवलेला माणूस आता दिवसभर एका दाराकडे बघत बसे. प्लायचं दार, हलक्या बिजागऱ्या. पेचकस असता तर दहा मिनिटांचं काम होतं, पण मग पोराला तोंड काय दाखवणार? फोनही त्यांना घेता यायचा, लावता यायचा नाही.

गुरुवारची ती वीस मिनिटं मात्र त्यांची होती. पहिल्या फोनला तिच्यामागे पंचवीस-तीस माणसांचा गलका ऐकू आला होता. आता मागे कधी कुकरची शिट्टी व्हायची, कधी नळ गळायचा. ऑफिसात जेवणाखाण्याची सोय बरी दिसते, असं काकांना वाटे. तीही बाहेरगावचीच निघाली. तिच्या कपाटाचं दार खाली घासत होतं, तर काकांनी फोनवरूनच बिजागरी कशी वर घ्यायची ते शिकवलं.

पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "काका, दार लागलं. नुसतं बोटाने ढकललं तरी लागतंय."

काकांना इतका आनंद झाला की गुण विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "आठ."

तिने विचारलं, "आठ लिहू?"

आता शब्द फिरवला तर आजवरची लबाडी उघडी पडणार. "लिही," ते कसेबसे म्हणाले.

तो आठवडा काकांनी स्वतःला शिव्या घालण्यात काढला. गुरुवारी अकरा वाजले, साडेअकरा झाले. बारा वाजता त्यांनी फोन उपडा ठेवला. कुलूप खरं आज लागलं, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला.

"काका, उशीर झाला. नियम बदललाय. आता आठवाल्यांनाही विचारायचंय. दहावाल्यांनासुद्धा."

काकांना हसू आवरेना. "मग नऊ लिही, पोरी. एक गुण कुलपाचा कापला."

फोन ठेवून ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच तो पुन्हा वाजला. या वेळी पुरुषाचा आवाज होता आणि मागे पहिल्या दिवशीचा तोच गलका.

"सर्वेक्षणाच्या कंपनीतून बोलतोय, काका. या शहरात किती रमलात, ते विचारायचं होतं."

"आत्ताच तर तुमच्या बाईंना सांगितलं. दर गुरुवारी सांगतो."

कागद चाळल्याचा आवाज आला. "गेल्या वर्षी ज्या बाईंनी तुम्हाला विचारलं होतं, त्यांनी तर त्याच आठवड्यात काम सोडलं. वर्षभरात आमचा हा दुसराच फोन आहे, काका."