मनावर घे, रोशन

कूलरला नवी खस लावताना रोशन टिनाच्या छपरावरून पडला. मणक्याला मार बसला आणि पाय लुळे झाले. पण सक्करदऱ्याच्या त्या घरात ज्याला त्याला वाटे, खोट मणक्यात नाही, रोशनच्या जिद्दीत आहे.

"पायाचा अंगठा हलव ना गा. मनातून जोर लाव!" वडील म्हणत.

"तुम्ही मनावरच घेऊन नाही राहिले," बायको म्हणे.

मामा तर येताजाता एका पायानं डोंगर चढणाऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवत. "पाह्य! याले म्हणतात हिंमत."

रोशन दातओठ खाऊन अंगठ्याकडे बघत बसे. घामाघूम होई. अंगठा ढिम्म. एकदा त्यानं समोरचं ताटच भिरकावलं, तर मामा म्हणाले, "हातात जोर आहे, मंग पायात काहून नाही?"

शेवटी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी त्याच्या डोक्यावर चुंबकाचं यंत्र धरलं. त्यानं मेंदूला ठोका दिला, की निरोप मणक्यातून खाली जातो आणि स्नायू आपोआप उडतो. माणसाच्या इच्छेचा तिथे प्रश्नच नसतो. हाताचं बोट लगेच उडालं. मग पायाची पाळी आली. ठोके पडत राहिले, पण पायाच्या स्नायूची पडद्यावरची रेघ सपाटच राहिली.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "रोशन, मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतच नाहीये. तुम्ही कितीही जोर लावला तरी आज अंगठा हलणार नाही."

तो रडेल म्हणून त्या थांबल्या.




रोशननं दाराकडे बोट केलं. "मॅडम, आमच्या घरचे सारे बाहेर बसून आहेत. हेच त्यांच्यासमोर एकदा जोरानं सांगून द्या ना."