न दिसणारं वजन

ती खगोलशास्त्र शिकवायची. अंधुक, चिमुकल्या दीर्घिकांमध्ये तारे मोजके, वायू जवळजवळ नाहीच. तरी त्या विखुरत नाहीत, कारण न दिसणारं काहीतरी त्यांना धरून असतं. "ते शोधू नका," ती मुलांना सांगायची, "बाकीचं कसं फिरतंय ते बघा, म्हणजे ते आहे हे कळेल."

घरी मात्र आईपाशी कुरकुर. "बाबांना माझं काही पडलेलंच नाही. मी वेगळी खोली बघते."

"अगं, ते बोलत नाहीत, एवढंच."

"मग दिसायला तरी नको?"

बाबा आठवडाभर काकांकडे राहायला गेले होते, तेव्हा ती खोली बघायला निघाली आणि तिची स्कूटर भर रस्त्यात बंद पडली.



"मॅडम, पेट्रोल शेवटचं कधी भरलंत?" मेकॅनिकनं टाकीत डोकावून विचारलं, आणि तिच्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत तिनं ते कधी भरलंच नव्हतं.