शाबूत पडदा

"उघड आणि काय झालंय ते सांग," असं म्हणत पोलीस ठाण्यातल्या साहेबाने ओल्या पोत्यातलं यंत्र रबरवाल्याच्या टेबलावर आदळलं.

पाण्याखाली श्वास घ्यायचं जुन्या घडणीचं रेग्युलेटर होतं ते. पितळी डबा, दोन जाड नळ्या आणि डब्यात रबराचा पडदा. माणसाने श्वास ओढला की पडदा आत दबतो आणि टाकीतली हवा सुटते. पडदा फाटला की हवेच्या जागी पाणी. ही यंत्रं बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. त्यांचे रबरी भाग अख्ख्या बंदरात एकाच दुकानात मिळायचे. रबरवाल्याचे बाबा ते साच्यात घालून भट्टीत भाजायचे, पावडर लावून कागदात गुंडाळायचे आणि वर रबराच्या पट्टीची दुहेरी गाठ मारायचे.

यंत्राचा मालक, बंदरावरचा सगळ्यात जुना पाणबुड्या, आदल्या दिवशी पाण्यातून आपण होऊन वर आला नव्हता. त्याला दोर लावून काढलं होतं.

बाबांची नजर गेली होती, पण ते कबूल कोण करणार? गेल्या महिन्यात भट्टीचा काटा न दिसल्यामुळे त्यांनी अख्खा घाणा कच्चाच बाहेर काढला. हाताला चिकटणारे, मेणासारखे मऊ पडदे. रबरवाल्याने ते सगळे फेकून दिले. पण त्यातला एक त्याआधीच पाणबुड्याच्या हातात गेला होता. उद्या जाऊन सांगू, असं तो रोज म्हणायचा. राहून गेलं.

साहेबाचा फोन वाजला. तो बोलत बोलत दाराबाहेर गेला.

रबरवाल्याने भराभर स्क्रू काढले. पडदा मधोमध उभा फाटला होता. कडक झालेला, कडेला हात लावला की भुगा पडत होता. त्याने दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. फळीवर नमुन्याला ठेवलेला, थोडा वापरलेला पडदा ओल्या फडक्याने पुसून आत बसवला आणि फाटका भट्टीत टाकला. जळक्या रबराचा वास त्या दुकानात रोजचाच होता.

"शाबूत आहे," साहेब आत आल्यावर तो म्हणाला. "बघा तुम्हीच."

साहेबाने अंगठ्याने पडदा दाबून पाहिला. "टाकीत हवा होती. यंत्र ठीक आहे. मग हा मेला कसा?"

"ते मी काय सांगणार?"

"मग मी सांगतो. यानेच तोंडातून नळी काढली." साहेबाला कारण हवं होतं, ते मिळालं. खरं असलंच पाहिजे असं थोडंच असतं.

आतल्या खोलीत बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बातमी कळल्यापासून अन्नाला शिवले नव्हते.

"पडदा?" त्यांनी विचारलं.

"शाबूत होता, बाबा."

"नीट बघितलास?"

"नीट बघितला."

"आणि मला आंधळा म्हणत होतास," म्हातारा म्हणाला आणि उठून जेवायला बसला.

पाणबुड्याने जीव दिला, हे दोन दिवसांत बंदरभर झालं. मेलेल्याची बाजू घ्यायला कुणाच्या बापाला वेळ असतो? घरात सुख असतं तर माणूस असा बुडतो का, म्हणाले. त्याच्या आईने त्याच्या बायकोशी बोलणं टाकलं. नळावर बायका तिला बघून बादल्या उचलू लागल्या. रबरवाला तिच्या गल्लीतून जाईनासा झाला.

मग एका दुपारी तीच दुकानात आली.

"बसा ना, वहिनी."

"बसायला नाही आले. एकच विचारायचंय, भाऊ. पडदा खरंच चांगला होता?"

आतल्या खोलीत बाबा खोकले.

"चांगला होता, वहिनी."

"जरासुद्धा फाटलेला नव्हता?"

"नाही."

ती भट्टीकडे बघत राहिली. "त्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हणाले, घरापेक्षा पाण्यात जास्त राहता, तिथेच संसार मांडा. रोजचंच बोलणं हो ते. हसत गेले. आता रात्रंदिवस तेच वाक्य ऐकू येतं." तिने पदराने नाक पुसलं. "फाटलेला निघाला असता तर बरं झालं असतं. तुमच्या दारात येऊन शिव्या तरी दिल्या असत्या."

खरं सगळं रबरवाल्याच्या जिभेवर आलं. आत बाबांनी पाणी मागितलं. तो तांब्या भरून देऊन आला, तोवर जिभेवरचं गिळून झालं होतं.

"येते," ती म्हणाली आणि उंबऱ्यातून परत फिरली. "अहो, हे तुमचं राहिलंच. कपाटात सापडलं. बाबांनी गेल्या महिन्यात दिलेला नवा पडदा. जुना अजून चालतोय, हा पुढच्या मोसमाला लावीन म्हणाले होते. आमच्या काय कामाचा आता?"

तिने कागदाची पुडी टेबलावर ठेवली. वर बाबांची दुहेरी गाठ होती. कुणी सोडलेली नव्हती.