दोन मणक्यांमधली फट

पडद्यावर मेलेल्या डॉल्फिनच्या शेपटीचे मणके एकेक करून सरकत होते. एका जागी तिचा हात थांबला. दोन मणक्यांमध्ये बोटभर फट होती.

"मेल्यावर उचलताना झालं असेल," शेजारच्या खुर्चीतला टेक्निशियन म्हणाला. तो मूळचा माणसांच्या दवाखान्यातला. इथे मेलेले डॉल्फिन आणि कासवं स्कॅन करायला लागल्यापासून भलताच खूश होता, कारण हे पेशंट हलत नाहीत आणि नातेवाईकही आणत नाहीत. "चौघांनी मिळून कसाबसा टेबलावर टाकलाय आपण त्याला."

"नाही," ती म्हणाली. फटीभोवती रक्त साकळलेलं स्पष्ट दिसत होतं. मेल्यावर मोडलेल्या हाडाभोवती असं रक्त साकळत नाही. कणा निखळला तेव्हा डॉल्फिन जिवंत होता. आणि शेपटीचा कणा असा निखळतो तो शेपटी धरून ओढल्यावरच. अशा केसेस तिने आधीही पाहिल्या होत्या.

ओढणारा कोण, हेही तिला ठाऊक होतं. सगळ्या किनाऱ्यानेच पाहिलं होतं. तिचे बाबा.

रविवारी सकाळी डॉल्फिन वाळूत रुतला, तेव्हा पोहायला जमलेल्या मंडळींचा ताबा बाबांनीच घेतला होता. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. शिट्टी नव्हती, पण आवाज होताच. त्यांनी शेपटीला दोर बांधला, धडधाकट माणसं ओळीत उभी केली आणि "एक, दोन, ओढा!" सुरू केलं. डॉल्फिन पाण्यात गेला तेव्हा लोकांनी बाबांना खांद्यावर घेऊन नाचायचंच बाकी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी भरतीने त्याला परत आणून टाकलं, मेलेला.

तेव्हापासून बाबांनी पोहणं सोडलं. पानावरून अर्धपोटी उठायचे. ती संध्याकाळी घरात पाय ठेवते न ठेवते तोच विचारायचे, "काय म्हणतोय तुझा पेशंट? कळलं का काही?" अजून फ्रीझरमध्येच आहे, नंबर लागला नाही, असं ती सांगायची. मग ते नुसती मान डोलवायचे. एवढा गडगडाटी माणूस असा मिटून गेलेला तिला बघवत नव्हता. आज सकाळी तर आईने तिला दाराशी गाठलं होतं. "काहीही निघू दे, त्यांना जरा सांभाळून सांग. आधीच हाय खाल्लीय त्यांनी."

तिने चित्र पुढे सरकवलं. उजव्या बाजूच्या तीन बरगड्या कधीतरी मोडून पुन्हा जुळल्या होत्या. जुळल्या तिथे हाडाला गाठी आल्या होत्या. बोटीची धडक असावी, खूप जुनी. ती पचवून तो नंतर मजेत पोहत राहिला होता. आताही पडद्यावर त्याचा सांगाडा संथपणे वळत होता, आणि क्षणभर तिला वाटलं की हा अजून पोहतोय आणि आपल्याच दिशेने येतोय. तिने पडदा बंद केला.

ऑफिसच्या अहवालात ती जे दिसलं तेच लिहिणार होती. पण घर म्हणजे काही ऑफिस नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं. वाटभर ती वाक्यं घोळवत राहिली. त्या जुन्या बरगड्या तिच्या कामी येणार होत्या.

बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारायच्या आधीच तिने बोलून टाकलं.

"झाला स्कॅन. बोटीची धडक होती, बाबा. बरगड्या मोडलेल्या. किनाऱ्याला लागला तेव्हाच त्याचं काही खरं नव्हतं. तुम्ही काहीही केलं असतं तरी तो वाचला नसता."

बाबा खुर्चीत पुढे झुकले.

"आणि शेपटी?"

"शेपटीला काय झालंय? धड आहे."

"नीट पाहिलंस?"

"एकेक मणका पाहिला."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा! उगीच जिवाला घोर लावून घेतला होतात. चला, पानं घेते." ती आत गेली. मुलीच्याही जिवात जीव आला. आता बाबा हसतील, निदान नेहमीसारखे खाकरून उठतील, म्हणून ती वाट बघत थांबली. ते उठले नाहीत. उलट आणखीच म्हातारे दिसायला लागले.

आतून भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर ते हळूच बोलले.

"तिसऱ्यांदा ओढलं ना, तेव्हा कट्‌कन काहीतरी तुटलं. दोरातून माझ्या हाताला कळलं ते. लोक टाळ्या वाजवत होते, पोरी. मी पुन्हा 'ओढा' म्हणालो. हे कुणापाशी बोलायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, तुला तरी ते दिसेल."