मावशींची चिठ्ठी

जावईबापू दिवसभर पडद्यावर नुसत्या चिठ्ठ्या हलवत बसतात, याचा तानीबाईंना वीट आला होता. औषधाची वेळ झाली की घंटा वाजवणारं त्यांचं फुकटचं अ‍ॅप चार देशांची माणसं मिळून बनवत. कुणी काही सुचवलं, की त्याची चिठ्ठी पडद्यावरच्या एखाद्या रकान्यात लागे.

'घंटेबरोबर गोळीचं नावही बोला,' ही चिठ्ठी तानीबाईंच्या आंधळ्या बहिणीची. दोन वर्षं ती चिठ्ठी 'विचाराधीन' आणि 'पुढच्या खेपेला' या रकान्यांत हेलपाटे घालत होती. काल घंटा वाजली, बहिणीनं भलतीच गोळी घेतली आणि थेट दवाखान्यात पोचली.

"आई, मावशींची चिठ्ठी आजच लाल केली. तातडीची!" जेवता जेवता जावईबापू कौतुकानं म्हणाले.

तानीबाईंनी त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"जावईबापू, खरकटं ताट या ओट्यावरून त्या ओट्यावर ठेवलं, म्हणून घासलं जात नाही!"