घरचं माणूस

उल्काच्या काखेत बसवलेल्या चिपने सकाळीच रक्त तपासलं होतं. कॅन्सर परतलाय की नाही हे भिंतीवरच्या डबीला ठाऊक होतं, पण ती सांगेना.

"धक्का एकटीने सोसू नये म्हणून निकाल घरच्या माणसासमोरच सांगितला जातो. मैत्रिणीने कृपया बाहेर थांबावे."

"माझ्याच घरातून बाहेर?" सुनेत्रा म्हणाली. केमोच्या दिवसांत उलटीचं भांडं तिनेच धरलं होतं. "एवढा संसार केला आपण. घरचं माणूस म्हणून माझं नाव नोंदवलं, तक्रारी केल्या, तरी हिचं आपलं मैत्रीण, मैत्रीण."

"ती बोलण्यावरून नातं ओळखते. मी तुला अगं म्हणते ना."

"मग बोलवू साताऱ्याहून तुझ्या भावाला? आपण एकत्र राहायला लागल्यापासून फिरकला नाही तो."

उल्काने कपाळाला हात लावला. मग घसा खाकरून म्हणाली, "अहो, जरा इकडे या."

डबीवर हिरवा दिवा लागला. "नमस्कार, यजमान. कॅन्सर परतलेला नाही."

सुनेत्रा उल्काच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडायला लागली.

"अगं, आता कशाला रडतेस?"

दिवा लाल झाला. "मैत्रिणीने कृपया बाहेर थांबावे."